अ‍ॅक्सल शाफ्ट बदलण्यापूर्वी तुटलेला शाफ्ट पाहा

पेणहून रोह्याकडे निघालेल्या फोर बाय फोर वाहनाची काही तासांतच तीन निरनिराळ्या जमिनींशी गाठ पडते. पश्चिमेला खाडीकाठची खारभूमी, मिठागरे आणि चाकाला बिलगणारा काळा चिखल. मध्ये भातखाचरे आणि त्यांचे बांध. पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याशी काळ्या पाषाणाचे गोटे आणि पावसाळ्यात भरून वाहणारे ओढे. या तिन्हींतून गाडी बाहेर काढताना ज्या भागावर सर्वाधिक ताण येतो, तो बाहेरून दिसतही नाही. डिफरन्शिअलपासून चाकापर्यंत जाणारा पोलादी दांडा, म्हणजेच अ‍ॅक्सल शाफ्ट, मागच्या नळकांड्यात झाकलेला असतो. तो तुटला की ‘कट्’ असा एक आवाज येतो. त्यानंतर इंजिन फिरते, गिअर पडलेला असतो, पण गाडी जागची हलत नाही.

अशा वेळी बहुतेक वाहनधारकांच्या मनात एकच विचार येतो, तो म्हणजे अधिक मजबूत शाफ्ट बसविण्याचा. विचार चुकीचा नाही, पण अपुरा आहे. शाफ्ट का तुटला हे न पाहता बसविलेला मजबूत शाफ्ट पुढच्या वेळी डिफरन्शिअल फोडू शकतो. त्याहून गंभीर बाब अशी, की काही मांडण्यांमध्ये शाफ्ट तुटणे म्हणजे चाकच निखळणे होय. ज्या गाडीने रविवारी ओढा ओलांडला, तीच गाडी संध्याकाळी कुटुंबाला घेऊन मुंबई-गोवा महामार्गावरून, सुकेळी खिंडीच्या उतारावरून परतत असते. त्यामुळे शाफ्टच्या निवडीकडे केवळ हौसेचा विषय म्हणून पाहता येत नाही. तो सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

शाफ्टचे काम काय?

इंजिनाचा फिरता जोर गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि प्रॉपेलर शाफ्टमार्गे डिफरन्शिअलमध्ये येतो. तेथे क्राऊन-पिनियन त्याची दिशा बदलून त्याला अनेक पटींनी वाढवितात आणि तो डाव्या-उजव्या शाफ्टमध्ये विभागला जातो. शाफ्टच्या आतील टोकाला लांबीच्या दिशेने कोरलेले दाते असतात. गॅरेजच्या भाषेत त्यांना स्प्लाइन म्हणतात. हे दाते डिफरन्शिअलच्या बाजूच्या गिअरमध्ये अडकतात. बाहेरचे टोक चाकाला फिरविते.

शाफ्टला पिळाचा ताण सोसावा लागतो, हे उघड आहे. पण काही अ‍ॅक्सलमध्ये त्याला गाडीचे वजनही पेलावे लागते. हा फरक समजल्याशिवाय योग्य शाफ्ट निवडता येत नाही.

दोन मांडण्या, दोन परिणाम

पहिली मांडणी सेमी फ्लोटिंग. यात चाक थेट शाफ्टच्या टोकावर बसते. त्यामुळे शाफ्ट चाकाला फिरवितो आणि वजनही उचलतो. वजनाने हलकी आणि स्वस्त असल्याने प्रवासी वाहने आणि लहान जीप यांच्यात ती सर्रास आढळते. शाफ्ट बेअरिंगच्या बाहेरच्या बाजूला तुटला तर चाक सुटू शकते. ज्या अ‍ॅक्सलमध्ये शाफ्ट डिफरन्शिअलच्या आत बसविलेल्या ‘सी’ आकाराच्या क्लिपने अडविलेला असतो, तेथे शाफ्ट आत कोठेही तुटला तरी उरलेला तुकडा चाकासह बाहेर सरकण्याचा धोका असतो. याउलट जेथे बेअरिंग दाबून बसविलेले असते आणि पट्टीने नळकांड्याला आवळलेले असते, तेथे आत तुटलेला शाफ्ट चाकाला सोडत नाही.

दुसरी मांडणी फुल फ्लोटिंग. ट्रकच्या मागच्या चाकाच्या मध्यभागी बोल्टने आवळलेली चकती दिसते, ती याच मांडणीची खूण. यात चाकाचा हब दोन बेअरिंगांवर, अ‍ॅक्सलच्या नळकांड्यावर स्वतंत्रपणे फिरतो. वजन नळकांडे उचलते, शाफ्ट फक्त जोर पोचवितो. तो तुटला तरी चाक जागेवर राहते आणि बोल्ट सोडून तुटका दांडा बाहेर ओढता येतो. चाकसुद्धा काढावे लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धातील लष्करी विलिज जीपचा मागचा अ‍ॅक्सल फुल फ्लोटिंग होता. युद्धानंतरच्या नागरी जीपमध्ये मात्र टोकाला निमुळता होणारा, किल्लीने हबला जोडलेला सेमी फ्लोटिंग शाफ्ट आला. महिंद्रने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलिज जीपची जुळणी सुरू केली आणि या घराण्यातील गाड्या पुढे कित्येक दशके भारतीय रस्त्यांवर धावल्या. जुनी जीप जपणाऱ्याने म्हणूनच पहिल्यांदा आपल्या गाडीखाली नेमका कोणता अ‍ॅक्सल आहे, हे तपासले पाहिजे. गेल्या मालकांनी तो बदललेला असण्याची शक्यता असते, त्यामुळे केवळ मॉडेलच्या नावावर विसंबणे योग्य नाही.

तुटलेला शाफ्ट बोलतो

शाफ्ट तुटल्यावर तो भंगारात टाकण्याची घाई केली जाते. प्रत्यक्षात नव्या शाफ्टच्या निवडीचा सर्वांत विश्वासू सल्लागार तोच असतो. तुटलेला पृष्ठभाग पुसून, उजेडात धरून पाहिला तर कारण बहुधा कळते.

दात्यांना दोरीसारखा पीळ पडला असेल, तर शाफ्टवर त्याच्या क्षमतेपेक्षा अधिक जोर आला, असा अर्थ होतो. अशा शाफ्टने तुटण्याआधीच इशारा दिलेला असतो. वरून खडूने किंवा रंगाने सरळ रेघ ओढून ठेवली आणि काही फेऱ्यांनंतर ती तिरकी झालेली दिसली, तर तो दांडा कायमचा पिळला गेला आहे असे समजून बदलावा. अधिक ताकदीच्या शाफ्टची गरज खऱ्या अर्थाने येथे आहे.

तुटीचा पृष्ठभाग दांड्याशी ४५ अंशांचा कोन करून मळसूत्रासारखा फिरला असेल, तर पोलाद ठिसूळ अवस्थेत तुटले. त्याचे मूळ अतिकडक उष्णता-प्रक्रियेत किंवा अचानक बसलेल्या धक्क्यात असू शकते. असा शाफ्ट जाड करण्यापेक्षा चांगल्या प्रक्रियेचा घेणे महत्त्वाचे.

तिसरी खूण सर्वांत फसवी आहे. तुटीच्या पृष्ठभागाचा मोठा भाग गुळगुळीत असतो आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा एकामागून एक वळणदार रेषा दिसतात. उरलेला लहान भाग खरबरीत असतो. असा शाफ्ट एका दिवसात तुटलेला नसतो. सूक्ष्म चीर पडून ती हजारो फेऱ्यांत हळूहळू वाढत गेलेली असते. हीच खूण चाकाजवळ, बेअरिंगच्या किंवा चकतीच्या लगत आढळली, तर दोष पिळाचा नसून वाकण्याचा असतो. झिजलेले बेअरिंग, वाकलेले नळकांडे किंवा चाक बाहेर काढणारी रुंद रिम ही त्याची नेहमीची कारणे. मूळ कारण तसेच ठेवून कितीही महाग शाफ्ट घातला तरी तो त्याच जागी तुटेल.

इंजिन नव्हे, टायरची पकड

शाफ्ट निवडताना इंजिनाचा टॉर्क पाहण्याची प्रथा आहे. एका काल्पनिक उदाहरणावरून तिची मर्यादा स्पष्ट होईल. इंजिनाचा टॉर्क ३०० न्यूटन मीटर, पहिला गिअर ४ पट, लो रेंज २.५ पट आणि क्राऊन-पिनियन ४ पट धरल्यास एकूण जोर १२,००० न्यूटन मीटर होतो. हा आकडा छातीत धडकी भरविणारा आहे. पण एवढा जोर एका शाफ्टपर्यंत पोचतच नाही, कारण त्याआधी टायर घसरतो.

चढावर मागच्या एका चाकावर ९०० किलो वजन आले, खडकावरील पकडीचा गुणांक ०.८ आणि चाकाची कार्यकारी त्रिज्या ०.३८ मीटर आहे असे मानू. तर तो टायर साधारण २,७०० न्यूटन मीटरपर्यंतच जोर जमिनीला देऊ शकतो. हेच चाक ओल्या चिखलात असेल आणि गुणांक ०.३ धरला, तर हा आकडा सुमारे १,००० वर येतो. म्हणजे चिखल शाफ्टला सहसा तोडत नाही. तो फक्त चाक गरगर फिरवितो.

मग पेण-रोह्याच्या चिखलात शाफ्टना धोका का? त्याचे उत्तर चिखलाच्या खाली दडलेल्या दगडात आहे. भातखाचराच्या बांधावर किंवा ओढ्याच्या पात्रात वेगाने फिरणारे चाक अचानक पक्क्या दगडाला पकडते. फिरते चाक, प्रॉपेलर शाफ्ट आणि इंजिनाचे फ्लायव्हील यांच्यात साठलेली ऊर्जा क्षणार्धात त्या एका दांड्यात ओतली जाते. हा धक्का वरच्या साऱ्या हिशेबाच्या पलीकडचा असतो. चढावर चाके उडत असताना अ‍ॅक्सिलरेटर तसाच दाबून ठेवणे, हे शाफ्टचे सर्वांत मोठे शत्रुत्व होय.

दुसरा घटक डिफरन्शिअल लॉक. साध्या डिफरन्शिअलमध्ये एक चाक घसरले की दुसऱ्यालाही तेवढाच कमी जोर मिळतो. गाडी अडकते, पण शाफ्ट वाचतो. लॉक लावल्यावर अ‍ॅक्सलचा जवळजवळ सगळा जोर पकड असलेल्या एकाच बाजूला जाऊ शकतो. म्हणून लॉक बसविण्याचा निर्णय आणि शाफ्टचा निर्णय एकत्रच घ्यावा लागतो.

तिसरा घटक टायरचा आकार. मारुती जिप्सी किंगच्या २०५/७० आर १५ टायरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर भरतो. त्याजागी ३१ इंची, म्हणजे ७८७ मिलिमीटर व्यासाचा टायर बसविला, तर पकड तीच राहूनही शाफ्टवरचा पीळ सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. शिवाय जड टायरचा धक्काही मोठा असतो. अनेकदा शाफ्ट बदलण्यापेक्षा टायरचा मोह आवरणे स्वस्त आणि परिणामकारक ठरते.

पोलादाची पारख

भारतीय वर्कशॉपमध्ये पोलाद ‘ईएन’ क्रमांकाने ओळखले जाते. ईएन-८ हे सुमारे ०.४ टक्के कार्बन असलेले साधे पोलाद. ईएन-१९ मध्ये क्रोमियम व मॉलिब्डेनम असते. परदेशी मालावर ज्याला ४१४० किंवा ‘क्रोमोली’ म्हणतात, त्याच्या ते जवळचे आहे. ईएन-२४ मध्ये निकेलचीही भर असते आणि ते ४३४० च्या तोडीचे मानले जाते. दर्जेदार बदली शाफ्ट बहुधा याच ४३४० वर्गातील असतात. त्याही वर ३००-एम हे पोलाद येते. विमानाच्या चाकांच्या सांगाड्यात ते वापरले जाते. स्पर्धेबाहेरच्या वापरासाठी त्याची गरज सहसा भासत नाही.

तथापि, पोलादाचे नाव म्हणजे ताकद नव्हे. ईएन-२४ चा गज आणून लेथवर हुबेहूब शाफ्ट उतरवून देणारे कारागीर जिल्ह्यात आणि पुणे परिसरात मिळू शकतात. काम दिसायला उत्तम असते. परंतु त्या दांड्याला योग्य तापमानाला तापवून तेलात विझविणे आणि पुन्हा ठरावीक तापमानाला मऊ करणे, ही प्रक्रिया झाली नसेल, तर नामांकित पोलादाचा तो दांडा कंपनीच्या साध्या शाफ्टपुढेही टिकणार नाही. मूळ शाफ्ट बहुधा मध्यम कार्बन पोलादाचे असले तरी विद्युत प्रवर्तनाने त्यांचा पृष्ठभाग कडक केलेला असतो. गाभा मात्र चिवट राहतो. पिळाचा सर्वाधिक ताण पृष्ठभागावरच येत असल्याने ही पद्धत प्रभावी ठरते.

एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. मिश्र पोलादाचा शाफ्ट ‘कमी पिळतो’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात सर्व पोलादांचा ताठरपणा जवळपास सारखाच असतो. समान जाडीचे दोन दांडे समान जोरात सारखेच पिळतात; फरक एवढाच, की चांगले पोलाद अधिक पीळ सोसूनही मूळ जागी परत येते.

वेल्डिंगने जोडलेला किंवा लांबी वाढविलेला शाफ्ट कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूची प्रक्रिया नष्ट होते आणि नेमक्या त्याच जागी पुढची चीर सुरू होते.

जाडी, दाते आणि कमनीय मान

गोल दांड्याची पिळाविरुद्धची ताकद व्यासाच्या तिसऱ्या घातात वाढते. ३० मिलिमीटरचा शाफ्ट ३३ मिलिमीटर केला, म्हणजे जाडी अवघी १० टक्के वाढली, तर ताकद सुमारे ३३ टक्के वाढते. त्यामुळे जागा असेल तर जाडी हा सर्वांत सरळ उपाय आहे. अडचण अशी, की जाड शाफ्टसाठी डिफरन्शिअलचे बाजूचे गिअर, बेअरिंग, ऑइल सील आणि काही वेळा नळकांड्याचे टोकही बदलावे लागते.

दात्यांची संख्या जास्त म्हणजे शाफ्ट मजबूत, हे समीकरण तेवढेसे खरे नाही. एकाच घराण्यातील अ‍ॅक्सलमध्ये जास्त दाते हे सहसा जास्त व्यासाचे लक्षण असते, एवढाच त्याचा अर्थ. दात्यांची संख्या, आकार आणि कोन डिफरन्शिअलशी तंतोतंत जुळलाच पाहिजे. दाते कापून काढलेले आहेत की दाबून घडविलेले, हे मात्र आवर्जून विचारावे. दाबून घडविलेल्या दात्यांच्या मुळाशी धातूचे तंतू अखंड राहतात, त्यामुळे चीर पडण्याची शक्यता घटते.

शाफ्टची ताकद त्याच्या सर्वांत बारीक जागेवर ठरते आणि ती जागा बहुधा दात्यांच्या मुळाशी असते. म्हणून मधला भाग दात्यांच्या मुळाएवढा किंवा किंचित बारीक ठेवलेला शाफ्ट पाहून नाक मुरडू नये. अशा शाफ्टमध्ये पीळ पूर्ण लांबीत वाटला जातो आणि दांडा धक्का शोषणाऱ्या स्प्रिंगसारखा वागतो. याउलट मध्ये जाडजूड आणि टोकाला एकदम बारीक झालेल्या शाफ्टचा सारा ताण त्या एका पायरीवर गोळा होतो. जाडी बदलते तेथे तीक्ष्ण कोपरा नको, मोठी गोलाई हवी. लेथच्या हत्याराचे ओरखडेही चिरेला निमंत्रण देतात, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत असावा.

पुढच्या अ‍ॅक्सलचे वेगळे गणित

पुढच्या चाकांना वळावे लागत असल्याने तेथील शाफ्टमध्ये सांधा असतो. काही गाड्यांत तो क्रॉसचा, तर काहींत गोळ्या असलेला सीव्ही सांधा असतो. स्टिअरिंग पूर्ण वळविलेले असताना सांधा सर्वांत दुबळा होतो आणि शाफ्टआधी तोच फुटण्याचा संभव असतो. त्यामुळे पुढचा शाफ्ट एकटा मजबूत करण्यात अर्थ नाही. शाफ्ट आणि सांधा एकाच ताकदीचा असलेला संच घ्यावा. अडकलेली गाडी मागे-पुढे झुलवून काढताना चाके सरळ ठेवणे, हा बिनखर्चाचा उपाय कोणत्याही सुट्या भागापेक्षा कमी मोलाचा नाही.

कोणत्या गाडीला काय?

मारुती जिप्सी १९८५ मध्ये आली आणि २०१९ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांच्या बाजारातून गेली. पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे असलेल्या या हलक्या गाडीचे १.३ लिटर इंजिन १०३ न्यूटन मीटर टॉर्क देते. मूळ टायरवर तिचे शाफ्ट पुरेसे ठरतात. संकट येते ते मोठे टायर आणि लॉक एकत्र बसविल्यावर, आणि तेही आधी पुढच्या सांध्यात. २०२३ मध्ये भारतात विक्रीस आलेल्या जिम्नीतही पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आहेत. तिच्याबाबतीत मूळ टायरच्या मर्यादेत राहणे हाच पहिला सल्ला.

महिंद्र थारच्या दोन पिढ्यांत फरक केला पाहिजे. २०१० ची सीआरडीई थार आणि २०२० मध्ये आलेली नवी थार या दोन्हींत पुढची चाके स्वतंत्र झुलतात, त्यामुळे पुढे सीव्ही सांध्यांचे अर्धशाफ्ट आहेत आणि मागे अखंड अ‍ॅक्सल आहे. पहिल्या पिढीत मागे पाटे होते, दुसरीत कॉइल स्प्रिंग आल्या. गाडीची उंची बेसुमार वाढविल्यास पुढच्या सांध्यांचा कोन कायमच तिरका होतो. अशा वेळी शाफ्टला दोष देण्याआधी उंची कमी करावी.

फोर्स गुरखाच्या २०२१ च्या आवृत्तीत पुढची चाके स्वतंत्र झुलतात, मागचा अ‍ॅक्सल अखंड असून पुढे व मागे डिफरन्शिअल लॉक कारखान्यातूनच येतात. लॉकसाठीचा विचार निर्मात्याने आधीच केलेला असतो. पण तो मूळ टायर गृहीत धरून केलेला असतो, हे विसरता कामा नये.

रानवाटेवर क्वचित जाणाऱ्या, एरवी रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला कंपनीचा अस्सल नवा शाफ्ट, नवे बेअरिंग आणि नवे सील एवढे पुरेसे असते. दर पावसाळ्यात नियमित चिखल-खडक तुडविणाऱ्या, एखादे लॉक असलेल्या गाडीने मूळ मापाचा, पण मिश्र पोलादाचा प्रक्रिया केलेला शाफ्ट घ्यावा. जाड शाफ्ट, फुल फ्लोटिंग रूपांतर हा खर्च स्पर्धेसाठी उभारलेल्या गाडीलाच शोभतो. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात भरविल्या जाणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेची कसोटी आणि रविवारच्या सहलीची कसोटी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

काय तुटावे, हे आधी ठरवा

जोराची साखळी इंजिनापासून टायरपर्यंत जाते आणि तिच्यात कोठे तरी दुबळी कडी असणारच. शाफ्ट मजबूत केला की ती कडी सरकते, नाहीशी होत नाही. ती सांध्यात, क्राऊन-पिनियनमध्ये किंवा प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये जाते. घरातील विजेच्या फ्यूजचेच तत्त्व येथे लागू पडते. जो भाग स्वस्त, जवळ बाळगता येण्याजोगा आणि तासाभरात बदलता येण्याजोगा आहे, तोच आधी तुटणे हिताचे.

फुल फ्लोटिंग अ‍ॅक्सलमध्ये शाफ्ट हा असा आदर्श फ्यूज ठरतो. सेमी फ्लोटिंगमध्ये मात्र शाफ्ट तुटणे धोक्याचे, म्हणून तेथे तो साखळीतील दुबळी कडी असू नये. ती भूमिका प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसकडे गेलेली बरी. डोंगरात क्राऊन-पिनियन फुटले तर गाडी ओढून आणण्यावाचून गत्यंतर नसते. क्रॉस किंवा शाफ्टचा जोड बरोबर असेल, तर रोह्यात किंवा कोलाडला मेकॅनिक गाठून त्याच दिवशी घरी परतता येते.

खारे पाणी आणि थंड ओढे

पेणच्या खाडीपट्ट्यात फिरणाऱ्या गाडीला गंज हा स्वतंत्र शत्रू आहे. शाफ्टच्या पृष्ठभागावरील गंजाचा लहानसा खड्डाही चिरेचे बीज ठरू शकतो. खारभूमीतून आल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुणे आणि वर्षातून एकदा शाफ्ट बाहेर काढून सीलची जागा तपासणे आवश्यक आहे.

ओढ्यात दुसराच धोका असतो. चालून तापलेले डिफरन्शिअल थंड पाण्यात शिरले की आतील हवा आकसते आणि सील किंवा हवानळीतून पाणी आत ओढले जाते. तेल दुधट झाले की बेअरिंगचे आयुष्य संपत आले असे समजावे आणि बेअरिंग गेले की शाफ्ट वाकू लागतो. हवानळीला रबरी नळी जोडून ती बोनेटच्या उंचीपर्यंत नेणे, हा काही रुपयांचा उपाय हजारोंचा शाफ्ट वाचवितो. कुंडलिकेच्या पात्रात गाडी घालण्याचे धाडस तर मुळीच करू नये. भिऱ्याच्या वीज प्रकल्पातून सुटणाऱ्या पाण्यावर कोलाडचे राफ्टिंग चालते. पाऊस नसतानाही तेथील पातळी वाढते.

कायद्याची चौकट

रायगडची ‘एमएच-०६’ ही नोंदणी पेणच्या परिवहन कार्यालयाची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ही बाब अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली.

मूळ मापाचा शाफ्ट बदलणे ही दुरुस्ती होय. पण दुसऱ्या गाडीचा अ‍ॅक्सल, मोठे टायर, रुंद रिम यांचा विचार असेल, तर आधी परिवहन कार्यालयाकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करणेच शहाणपणाचे. फणसाड अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रांत आणि वनजमिनीवर परवानगीशिवाय गाडी घालू नये. शेतकऱ्याचा बांध फोडून मिळविलेले समाधान कोणत्याही शाफ्टच्या किमतीपेक्षा महाग पडते.

खरेदी आणि बसवणी

विक्रेत्याकडे पोलादाचा दर्जा, कडकपणाचा आकडा आणि प्रक्रियेचे प्रमाणपत्र मागावे. शंका असल्यास एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत कडकपणा आणि चुंबकीय पद्धतीने चिरांची तपासणी करून घेता येते. मागवण्यापूर्वी जुन्या शाफ्टची लांबी, दात्यांची संख्या, बेअरिंगच्या जागेचा व्यास आणि चकतीवरील भोके मोजावीत. डावा आणि उजवा शाफ्ट अनेकदा वेगळ्या लांबीचे असतात.

शाफ्ट नेहमी जोडीने बदलावेत. एक पिळला गेला असेल, तर दुसऱ्यानेही तीच कसोटी सोसलेली असते. तपासणीत निर्दोष ठरलेला जुना शाफ्ट मात्र फेकू नये. तेल लावून, कापडात गुंडाळून गाडीत ठेवावा. बसविताना नळकांडे सरळ आहे की नाही हे मोजावे, सील आणि बेअरिंग नवेच घालावे, नट-बोल्ट कंपनीने सांगितलेल्या मापानेच आवळावेत आणि पहिल्या खडतर फेरीनंतर पुन्हा तपासावेत.

एवढे सारे केल्यावरही शाफ्टचे आयुष्य शेवटी चालकाच्या उजव्या पायावर अवलंबून राहते. चाक गरगरू लागले की पाय उचलणे, खाली उतरून दगड पाहणे, गरज पडल्यास दोरी लावून गाडी ओढून घेणे, यात कमीपणा नाही. इगतपुरीच्या महिंद्र ऑफ-रोड प्रशिक्षण केंद्रासारख्या ठिकाणी शिकविले जाणारे हेच कौशल्य आहे. मजबूत शाफ्ट चालकाची एखादी चूक पोटात घालतो. चुकीची सवय मात्र तो फार काळ सोसू शकत नाही.